आमच्या घरात कोणी पीत नाही, मग सिरॉसिस कसा?



या महिन्यात बरीच पत्रे आली, पण एकाच पत्राने सगळी जागा घेतली आहे. बाकीच्या वाचकांनी राग मानू नये. पत्र चौसाळ्याहून आले आहे. बीड–धाराशिव रस्त्यावरच्या या गावातल्या एका सुनेने ते लिहिले आहे.

तिच्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. आधी पाय सुजले, मग पोट वाढू लागले. गावात सगळ्यांनी गॅस म्हटले. शेवटी बीडला नेऊन सोनोग्राफी केली, तर अहवालात 'लिव्हर सिरॉसिस' निघाले. तो पाहून तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दारू घेतात का?" पाच वक्त नमाज पढणारी बाई! मुलाने फाइल उचलली आणि आईला घेऊन तो तडक घरी आला. तेव्हापासून, म्हणजे चार महिने, ती फाइल पेटीत कपड्यांखाली आहे. नातेवाइकांना 'अम्मींना गॅसचा त्रास आहे' असे सांगितले जाते, कारण घरात लग्नाची मुलगी आहे. दरम्यान कोणाकोणाच्या सांगण्यावरून अम्मींची डाळ, अंडी आणि मटण बंद झाले. त्या चहा-टोस्टवर दिवस काढतात. त्यांचे ताट-पेला वेगळे ठेवले आहेत. आणि रमजान आला की रोजे धरणारच, असे त्यांनी जाहीर केले आहे.

सून विचारते: हा आजार आमच्या घरी आलाच कसा? त्यांना खायला काय द्यावे? रोजे धरू द्यावेत का? त्या बऱ्या होतील का?

ताई, सर्वात आधी ती फाइल पेटीतून काढा. तिच्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि या चार महिन्यांत जे गेले ते पुढच्या चार महिन्यांत जाऊ द्यायचे नाही. त्या डॉक्टरांनी प्रश्न विचारला त्यात गैर नव्हते. पोटात पाणी झालेल्या प्रत्येक माणसाला, मग तो कोणीही असो, हा प्रश्न विचारावाच लागतो. विचारण्याची रीत मात्र चुकली असेल. त्यांनी पुढे आणखी चार प्रश्न विचारले असते, साखरेविषयी, काविळीविषयी, घेतलेल्या सुयांविषयी, तर तुमचे यजमान तसे उठून आले नसते.

आता हा आजार म्हणजे काय ते पाहू. बकरी ईदला कलेजी आपल्या सगळ्यांच्या हातून जाते. चांगली कलेजी मऊ, गुळगुळीत आणि गडद तांबडी असते. क्वचित एखाद्या जनावराची कलेजी कडक, गाठाळ आणि पांढुरक्या रेघांची निघते, आणि कसाई ती बाजूला टाकतो. माणसाच्या यकृताचेही तसेच होऊ शकते. यकृताला पुन्हा पुन्हा इजा होत राहिली की प्रत्येक वेळी ते स्वतःला सांधते, पण सांधलेल्या जागी वण राहतो. वर्षानुवर्षे वणावर वण पडत गेले की मऊ यकृताचे गाठाळ यकृत होते. हाच सिरॉसिस. हे नाव १८१९ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने दिले. स्टेथोस्कोप शोधून काढला तो हाच.

यकृताला इजा कशाने झाली, हे या नावात कुठेच नाही. दारू हे एक मोठे कारण आहे, पण एकमेव नाही.

अम्मींच्या बाबतीत माझा पहिला संशय त्या बारा वर्षांच्या साखरेवर आहे. साखरेचा आजार, पोटावरचा घेर आणि वाढलेली चरबी यांच्यामुळे यकृतात चरबी साठते. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असे लिहून येते आणि बहुतेक लोक ते वाचून कागद घडी घालून ठेवतात, कारण दुखत काहीच नसते. बऱ्याच जणांत ती चरबी तशीच पडून राहते. काही जणांत मात्र ती आतल्या आत यकृत जाळते, आणि दहा-वीस वर्षांत वण तयार होतात. दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसात हे होते. आपल्या घरांत साखरेचा आजार किती आहे ते मला वेगळे सांगायला नको. दावत, बिर्याणी, शीर आणि त्यानंतर पुन्हा गोड चहा, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे कारण म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंची कावीळ. ही पाण्यातून येणाऱ्या साध्या काविळीपेक्षा वेगळी असते. ती रक्तातून येते, गुपचूप बसते आणि वीस-तीस वर्षांनी यकृत कडक झाल्यावर कळते. न उकळलेली सुई, दुसऱ्याचा वस्तरा, तपासणी न केलेले रक्त आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, या तिच्या वाटा. गुजरातमधल्या मोडासा भागात २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि कित्येक माणसे दगावली. आपल्याकडे अशक्तपणा आला की 'एक सुई मारा, एक सलाईन लावा' असे म्हणणारे कमी नाहीत. खतना करणाऱ्याने वस्तरा उकळला की नाही, नाक-कान टोचणाऱ्याची सुई कितव्या मुलीसाठी वापरली जाते आहे, हेही विचारायला हवे. विचारताना लाजू नये.

याखेरीज शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा यकृतावर उलटते, असा एक आजार आहे आणि तो बायकांत जास्त दिसतो. काही मुलांत जन्मजात दोषामुळे तांबे यकृतात साठत जाते. म्हणून रक्ताच्या तपासण्या करून कारण शोधावे लागते. कारण सापडले तर त्याच्यावर इलाज करता येतो.

'सिरॉसिस म्हणजे दारू' हे समीकरण किती खोटे आहे, याचा सर्वात मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. एके काळी आपल्या देशात एक-दोन-तीन वर्षांची बाळे सिरॉसिसने जात होती. एका घरात एक मूल गेले की पाठचेही जाई. पोट टणक व्हायचे, कावीळ व्हायची आणि काही महिन्यांत सगळे संपायचे. आईबापांनी नशिबाला बोल लावला, कोणी नजर लागली म्हटले, डॉक्टर रक्तात दोष शोधत होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या घरची भांडी पाहायला सुरुवात केली. १९८३ साली त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आले. या मुलांना अंगावरच्या दुधाऐवजी फार लवकर वरचे दूध सुरू केलेले असे, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेले किंवा ठेवलेले असे. पितळेतले तांबे दुधात उतरायचे आणि बाळाच्या यकृतात साठायचे. अंगावरचे दूध पाजा, दुधाला पितळेचे भांडे वापरू नका, असे घरोघरी सांगितले गेले. स्टीलची भांडीही आली. नव्वदचे दशक संपेपर्यंत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

हे वाचताना मला दारोदार भाता घेऊन फिरणारे कल्हईवाले आठवतात. त्या कामात आपले कितीतरी लोक होते. भांडे पांढरेशुभ्र करून देणारा तो माणूस घरातल्या बाळाचे यकृत सांभाळत होता, हे त्यालाही माहीत नसेल आणि चार आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्या बाईलाही नसेल. सध्या तांब्याच्या बाटल्या आणि हंडे पुन्हा बाजारात आले आहेत, म्हणून सांगते: दूध, ताक, लिंबूपाणी असे काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नये, आणि बाळाचे दूध तर कधीच नाही.

एक कडू गोष्टही बोलते. आपल्यात कोणी पीतच नाही, असे आपण धरून चालतो, आणि म्हणून जो पितो तो डॉक्टरांसमोरही कबूल करत नाही. सोबत बाप किंवा भाऊ बसलेला असतो. मग औषध चुकते. डॉक्टर काही मुफ्ती नव्हेत, त्यांना खरे सांगितलेच पाहिजे. घरच्यांनी त्या वेळी पाच मिनिटे बाहेर जाऊन बसावे. पिणे पूर्ण थांबवले तर बिघडलेले यकृतही पुष्कळ सावरते, हे अनेक रुग्णांत दिसते. गुन्हा आणि आजार यांचा हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी होतो. आणि न पिणाऱ्यांसाठी: 'आसव' आणि 'अरिष्ट' या नावाने मिळणाऱ्या ताकदीच्या औषधांत आंबवण्यामुळे अल्कोहोल असते. बाया वर्षानुवर्षे ती चमच्याने घेतात. यकृताच्या रुग्णाने ती बंद करावीत.

आता अम्मींच्या पोटातल्या पाण्याकडे येऊ. आतड्यांतून अन्नाचा रस घेऊन येणारे सगळे रक्त आधी यकृतातून जाते. यकृत कडक झाले की त्या वाटेवर बंधारा पडतो. ओढ्याला बंधारा घातला की पाणी मागे तुंबते, कडेच्या शेतात शिरते. तसेच रक्त मागे तुंबते, प्लीहा मोठी होते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि पोटात पाणी झिरपते. मूत्रपिंडे गोंधळून मीठ धरून ठेवतात, आणि मिठाबरोबर पाणी राहते. युनानी हकीम याला इस्तिस्का म्हणत. पाऊस पडावा म्हणून आपण जी नमाज पढतो तिचे नावही इस्तिस्काच, म्हणजे पाणी मागणे. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. पोट पाण्याने भरलेले आणि रुग्ण मात्र तहानलेला, म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले असावे. पोट मशकीसारखे होते त्या प्रकाराला त्यांनी मशकीचेच नाव दिले होते.

म्हणून पहिला इलाज मीठ. सगळे मिळून दिवसाला सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. हे फक्त भाजीतले मीठ नव्हे. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, फरसाण, सुकट, टोस्ट, खारी, पाव, बिस्किट यांतले मीठही त्यातच धरायचे. अम्मी ज्या चहा-टोस्टवर आहेत, त्यातून त्यांना मीठ मिळते आहे आणि ताकद मिळत नाही. ज्वारीच्या भाकरीला मीठ लागत नाही, ती टोस्टपेक्षा कितीतरी चांगली. आम्लपित्तासाठी पाण्यात टाकतात ती फेसाळ पावडर आणि खायचा सोडा, यांतही सोडियम असते. सैंधव हे मीठच आहे. दुकानात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचे ठरते. लिंबू, चिंच, आमचूर, लसूण, जिरे, कोथिंबीर यांनी चव आणावी. आपल्या हातच्या खट्ट्याला मीठ कमी घातले तरी तो खट्टा लागतोच.

आणि ते सलाईन! अशक्त वाटते म्हणून गावात लावली जाणारी ५०० मिलीलिटरची साध्या सलाईनची बाटली घ्या, तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असते. एका बाटलीत जवळजवळ दिवसाचे सगळे मीठ शिरेतून गेले. दोन दिवसांनी पोट आणखी वाढले की म्हणायचे, आजार बळावला.

लघवी वाढवण्याच्या गोळ्या डॉक्टर देतील. त्या सुरू असताना रोज सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त वजन उतरता कामा नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. त्याहून वेगाने उतरले तर मूत्रपिंडांवर ताण येतो, डॉक्टरांना कळवायचे. ही वही दर भेटीला सोबत न्या. 'आता बरे आहे' असे नुसते सांगण्यापेक्षा तिचा उपयोग मोठा. पोट फार ताणले तर सुईने पाणी काढतात. पाणी काढले की माणूस जातो, अशी भीती गावोगाव आहे. माणसे जातात ती आजार फार पुढे गेल्यावर पाणी काढायला नेल्यामुळे. शिवाय त्या पाण्याची तपासणी करणे गरजेचे असते, कारण त्यात जंतू शिरले तर जिवाला धोका असतो.

डाळ, अंडी, मटण बंद करण्याचा सल्ला ज्याने दिला त्याने भले करायच्या हेतूनेच दिला असेल. पूर्वी डॉक्टरही असेच सांगत. आज मत उलटे आहे. सिरॉसिसमध्ये शरीर स्वतःचे मांस खाऊ लागते. पोट मोठे दिसते, पण दंड आणि मांड्या काड्यांसारख्या होतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. अम्मींचे पाण्याविना वजन ५० किलो धरले तर ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, घट्ट वरणाच्या वाटीत तेवढेच, मूठभर बिनमिठाच्या शेंगदाण्यांत सात-आठ. हिशेब घातला तर लक्षात येईल की डाळ आणि दूध दोन्ही बंद करून हा आकडा गाठताच येत नाही. वरण, दही, अंडे, कमी तेलातली कोंबडी, मासळी, जे घरात परवडते ते द्या. साखरेचा आजार आहे, तेव्हा गोड आवरा, अन्न आवरू नका. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या, आणि झोपण्याआधी काही तरी नक्की द्या. दूध-भाकरी किंवा वरणभात चालेल. हे रात्रीचे खाणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, का ते रोज्यांच्या ठिकाणी सांगते.

काळी कॉफी यकृताला हितकारक आहे, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे ती कोणाला आवडत नाही, तो भाग वेगळा.

ताट-पेला वेगळा करू नका. सिरॉसिस एकाचा दुसऱ्याला होत नाही. हिपॅटायटिस बी असला तरी तो ताटातून, मिठीतून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचे त्याचे असावे. आणि लग्नाच्या मुलीचे म्हणाल तर सासूचा फॅटी लिव्हर हा काही सुनेचा किंवा मुलीचा दोष नव्हे. लपवून काही मिळणार नाही, पुढे समजले तर मात्र पंचाईत होईल.

पुढचे घरच्यांच्या लक्षात येण्यासारखे आहे, डॉक्टरांच्या नव्हे. यकृत आतड्यांतला विषारी कचरा गाळू शकले नाही की तो मेंदूपर्यंत जातो. माणूस एकदम बेशुद्ध होत नाही. आधी झोप उलटी होते, रात्रभर जागे आणि दुपारी जुहरला गाढ झोप. मग रकात चुकू लागतात, तस्बीहचा आकडा विसरतो, चिडचिड होते, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. लोक म्हणतात वय झाले, कोणी म्हणते वारा लागला. ही यकृताची खूण आहे. बद्धकोष्ठ, ताप, पोटात रक्त जाणे, झोपेची गोळी, यांतल्या कशानेही ती एका दिवसात वाढते. यासाठी लॅक्टुलोज नावाचे पातळ औषध देतात. त्याने दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच झाले पाहिजे. 'जुलाब लागतात' म्हणून ते परस्पर बंद केल्याने कित्येक रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतात. दहा वेळा होत असेल तर मात्रा कमी करायची, औषध सोडायचे नाही.

रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखे काळे झाले, पोट दुखून ताप आला, लघवी अगदी कमी झाली किंवा माणूस बडबडू लागला, तर रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करून थेट बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे. त्या वेळी गावातल्या सुईची वाट पाहू नये. रक्ताची उलटी म्हणजे त्या फुगलेल्या शिरेतून झालेला स्राव असू शकतो. ती वेळ येऊ नये म्हणून आधीच दुर्बिणीने अन्ननलिका पाहून घ्यायची असते. शिरा मोठ्या असतील तर गोळ्या देतात किंवा रबरी कडी बांधतात.

अंगदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची सगळी भावंडे, अम्मींनी घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडे बिघडतात आणि रक्तस्राव होतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून. झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, असेही नाही. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. त्यावरून पुढे वाद झाला, पण ज्याचे यकृत आधीच अधू आहे त्याने तो धोका कशाला घ्यावा? काविळीवर डोक्यावर माळ ठेवणे, नाकात औषध घालणे, हातावर चुन्याचे पाणी ओतून पिवळे पाणी काढणे हे आपल्या भागात चालते. चुन्याचे पाणी काही झाडांच्या सालीच्या रसाला लागले की पिवळेच होते, काविळीचा माणूस असो वा धडधाकट. दम केलेले पाणी प्यायला माझी हरकत नाही. दुआ करा, मी तरी दुआशिवाय कोणाला औषध देत नाही. पण दवा थांबवून दुआ करायला सांगणारा माणूस यकृताचा जाणकार नाही आणि दीनचाही नाही.

आता रोजे. हा प्रश्न अम्मींच्या मनाला सर्वात जास्त लागणार, म्हणून कारण समजावून सांगा, नुसते 'नको' म्हणू नका. निरोगी यकृत रात्रभराची साखर साठवून ठेवते. गाठाळ यकृतात ती कोठीच राहिलेली नसते. निरोगी माणसाचे शरीर दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर जसे स्वतःचे मांस जाळू लागते, तसे सिरॉसिसच्या रुग्णाचे एका रात्रीतच होते. झोपण्याआधीचे ते खाणे याचसाठी. मग चौदा तासांचा रोजा, तोही पाण्याशिवाय, लघवीच्या गोळ्या चालू असताना आणि साखर असताना! मूत्रपिंडे बंद पडू शकतात, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ज्यांच्या पोटात पाणी झाले आहे, रक्तस्राव झाला आहे किंवा भान हरपले आहे, त्यांनी रोजा धरू नये, यावर डॉक्टरांत दुमत नाही. आजार अगदी सुरुवातीचा असेल आणि अशी एकही खूण नसेल तर तपासणी करून, औषधांच्या वेळा बदलून काही जणांना परवानगी मिळते. अम्मी त्यांच्यात बसत नाहीत.

सूरह बकरहमध्ये रोज्याचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाची सवलतही आहे. आजार लांबणारा असेल तर फिदिया कसा आणि किती द्यायचा ते आपल्या आलिमना विचारा. पण सगळ्या घराचा रोजा असताना आपण एकट्याने खायचे, हे एखाद्या बाईला किती जड जाते ते मला माहीत आहे. म्हणून त्यांना स्वयंपाकघरात आडून खायला लावू नका. दुपारी सुनेने किंवा नातीने समोर बसून द्यावे. इफ्तारच्या दस्तरखानावर त्यांची जागा नेहमीचीच ठेवा, फक्त भजी आणि खारट पदार्थ त्यांच्यापासून लांब ठेवा.

बऱ्या होतील का? ताई, खोटे सांगत नाही. पोटात पाणी झाले म्हणजे यकृताचा तोल एकदा सुटला आहे, हा आजाराचा पुढचा टप्पा आहे. पण तोल सुटलेला माणूस पुन्हा सावरू शकतो. कारण सापडले, त्यावर इलाज झाला, मीठ आणि अन्न सांभाळले गेले, तर वर्षानुवर्षे नीट चालणारे रुग्ण आहेत. हिपॅटायटिस सी निघाला तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी १२ ते २४ आठवड्यांत बहुतेकांचा विषाणू नाहीसा होतो. हिपॅटायटिस बी निघाला तर रोजच्या गोळीने तो दाबून ठेवता येतो. २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत, बीडला चौकशी करा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच, कारण गाठाळ यकृतात कर्करोगाची गाठ येऊ शकते आणि लहान असताना सापडली तर काढता येते.

शेवटचा उपाय यकृतरोपण. ते मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत होते, खर्च लाखांत जातो आणि सगळ्यांना ते शक्य नसते, हे मान्य करूनच सांगते. जवळचा नातेवाईक यकृताचा तुकडा देऊ शकतो, देणाऱ्याचे यकृत काही महिन्यांत पुष्कळ भरून येते. अवयवदान शरीयतमध्ये बसते का, असे मला नेहमी विचारतात. १९८८ साली जेद्द्याच्या फिकह अकादमीने काही अटींवर त्याला मान्यता दिली आहे. काही उलेमांचे मत वेगळे आहे. ज्या घरावर ही वेळ येईल त्यांनी आपल्या आलिमशी आधीच बोलून ठेवावे, अतिदक्षता विभागाच्या दारात ती चर्चा होत नाही.

आणि अम्मींना त्यांच्या आजाराचे नाव सांगा. आपल्याला गॅस आहे असे समजून त्या लोणचे खातात, गोळी चुकवतात, रोज्याची तयारी करतात. नाव कळले तर त्या स्वतः मीठ मोजतील. ५८ वर्षांच्या बाईने याहून अवघड गोष्टी पचवलेल्या असतात.

जमेल तर यजमानांचीही साखर, यकृताचे रक्त आणि सोनोग्राफी करून घ्या, कारण आईकडची साखर मुलांत येते. फॅटी लिव्हर निघाला तर शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा उतरवला तरी या टप्प्यावर यकृत पुष्कळ मागे येते. अम्मींना हिपॅटायटिस बी निघाला तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा आणि ज्यांना नसेल त्यांना लस द्या. लग्नाच्या मुलीची तपासणी मुद्दाम करा, म्हणजे पुढे तिच्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि गरज असेल तर सोबतचे इंजेक्शन मिळेल. फाइल घेऊन गेलात की काय सांगितले ते मला कळवा. अहवालांची प्रत पाठवा, नाव खोडून पाठवली तरी चालेल.